बाकी शून्य

शालान्त परीक्षेत गणितात मला पस्तीस गुण पडले. तेही कुणीतरी दया केली म्हणून पडले, असे आमच्या घरात मानतात. म्हणून तर मी कला शाखेत आलो. अशा माणसाने मूळ संख्येवर लिहावे याचे वाचकांना हसू येईल. येऊ दे.

मागच्या सत्रात ग्रंथालयात निबंधांचे पुस्तक शोधताना भलतेच पुस्तक हाती लागले. त्यातली एक एकोणचाळीस अंकी संख्या मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

दोन हा आकडा १२७ वेळा मांडून गुणायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा, की ही संख्या येते. एक आणि ती स्वतः सोडली तर हिला कशानेच भाग जात नाही. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली हे हाताने आकडेमोड करून सिद्ध केले. पुढे १९५१ पर्यंत, तब्बल पंचाहत्तर वर्षे, हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. २०२४ मध्ये चार कोटींहून अधिक अंकांची सापडली. पण ती संगणकांच्या बळावर. माझा जीव जडला तो या हाताने काढलेल्या संख्येवर.

एकेक भाजक लावून पाहायचे म्हटले, तर वीस अंकी भाजकांपर्यंत जावे लागेल. सात जन्म पुरणार नाहीत. लुकासने भाजक शोधलाच नाही. त्याच्या युक्तीला लेमरने १९३० च्या दशकात सोपे रूप दिले. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, पुन्हा तेच. दोनाच्या घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. आमच्या संख्येला अशा १२५ पायऱ्या लागतात!

एवढी माझी छाती नाही. मी १२७ हीच संख्या घेतली. तीही याच कुळातली, दोनाचा सातवा घात वजा एक. पायऱ्या पाचच. आधी २०४७ वर हात चालवून पाहिला होता. नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरले. संख्या फुटते एवढे कळले, कशाने फुटते ते मात्र ही रीत सांगत नाही. (२३ आणि ८९ हे मी नंतर पुस्तकात पाहिले.)

रात्री अकरा वाजता बसलो. चार, चौदा, सदुसष्ट, बेचाळीस, एकशे अकरा. एकशे अकराचा वर्ग १२,३२१. दोन गेले, १२,३१९. भागाकार दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सत्त्याण्णवचा भाग बरोबर बसला आणि मी ओरडलोच.

आबा दचकून उठले. ते मार्केट यार्डात हमाल आहेत. पहाटे चारला निघतात.

"काय झालं रे?"

"आबा, बाकी शून्य आली!"

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आता कुणाचं काय देणं ऱ्हायलं न्हाई ना?"

माझ्या फीसाठी त्यांनी दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतली होती. ती अजून फिटायची होती. मी दिवा मालवला.