पहिलं शहर कुठं वसवायचं?

दोस्तांनो, समजा उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, "हा घे अख्खा देश. यात पहिलं शहर तू वसवायचंस. जागाही तूच ठरवायची." तर तुम्ही कुठली जागा निवडाल?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. मी एकदा नको तेवढा वेळ घेतला होता आणि एकदा नको तेवढी घाई केली होती. दोन्ही वेळा फजिती झाली. ती कशी, तेच आज सांगतो.

ही गोष्ट १९९६ च्या मे महिन्यातली. सातवीची परीक्षा देऊन मी सुटीला पुण्याला आत्याकडे गेलो होतो. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, इंजिनिअरिंगला होता. त्याच्या खोलीत चक्क कॉम्प्युटर होता! त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, असा सगळा थाट. त्या कॉम्प्युटरवर एक खेळ होता, 'सिव्हिलायझेशन'. अमेरिकेतल्या सिड मायर यांनी तो तयार केला आणि १९९१ साली तो बाजारात आला.

खेळ सुरू होतो इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी. पडदा जवळजवळ सगळा काळा. मधे तेवढा जमिनीचा एक छोटा तुकडा उजेडात आणि त्यावर लुकलुकणारी वस्ती करणाऱ्यांची टोळी. टोळी एक घर सरकली की आजूबाजूचा थोडासा काळोख उजळतो. जागा पसंत पडली की एक कळ दाबायची. झालं शहर!

वाटतं किती सोपं! पण गंमत पुढे आहे. प्रत्येक शहराला स्वतःचं धरून २१ चौकोन मिळतात. गवताळ चौकोनातून दोन माप धान्य निघतं. मैदानातून एकच माप धान्य, पण थोडा कामाचा मालही मिळतो. जंगलातून धान्य कमी आणि लाकूडफाटा जास्त. नदीकाठी धान्यही पिकतं आणि व्यापारही होतो. समुद्राकाठच्या शहरालाच जहाजं बांधता येतात. टेकडीवरच्या शहराचा बचाव करणं सोपं जातं. आणि वाळवंटात? तिथं धान्य शून्य! शहरातल्या प्रत्येक वस्तीला दर फेरीत दोन माप धान्य लागतं. तेवढं पिकलं नाही, तर शहर वाढतच नाही.

हे सगळं दादानं समजावलं आणि मी ठरवलं, आपण बसवणार ते एक नंबर शहर! नदी हवी, समुद्र हवा, टेकडी हवी आणि गवताळ रानही हवं. निघाली आमची टोळी. इथं नदी आहे, पण टेकडी नाही, चला पुढे. इथं टेकडी आहे, पण समुद्र लांब, चला पुढे. असं करत करत तीस फेऱ्या झाल्या. आणि सुरुवातीला खेळातली एक फेरी म्हणजे वीस वर्षं! दादा मागून म्हणाला, "अरे बाबा, सहाशे वर्षं चालतायत तुझे लोक. पाय तुटले त्यांचे!" शेवटी हवी तशी जागा दिसली. पण तिथं आधीच दुसऱ्या कुणाचं तरी शहर उभं होतं.

मी चिडून खेळ बंद केला आणि पुन्हा सुरू केला. आता टोळी जिथं दिसली तिथंच कळ दाबली. मग कळलं की शेजारी सगळं वाळवंट! शहर एका वस्तीवरून पुढे सरकेना. पुन्हा बंद, पुन्हा नवा खेळ. त्या दुपारी मी किती डाव मोडले, याची मोजदादच नाही.

आज्जी तेव्हा आत्याकडेच होती. दारात बसून लसूण सोलता सोलता तिचं लक्ष पडद्याकडे होतं.

"काय करतुयास रं?"

"शहर वसवतोय, आज्जी."

"आन् पानी कुटं हाय?"

मी नदी दाखवली. ती तीन घरं लांब होती.

"लईच लांब की. आन् ह्ये काळं काळं काय?"

"ते अजून बघितलेलं नाही."

"बघितलं न्हाई म्हंजी तितं कुनी ऱ्हात न्हाई, असं नसतं बरं का."

मी चमकलो. सकाळी माझं नेमकं हेच झालं होतं! पण तरी मी फुशारकीनं म्हणालो, "जागा नाही आवडली तर काय, बंद करायचं आणि नव्यानं सुरू करायचं."

आज्जीचा हात थांबला. म्हणाली, "आमाला नव्हतं बग असलं बटन."

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. आज्जीचं गाव भीमेच्या काठावरचं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, पण गाव त्याआधीच उठलं. नदीकाठच्या इतर कितीतरी गावांसारखं तेही पाण्याखाली गेलं. जुनं गाव नदीपाशी होतं, पण अगदी नदीला चिकटून नव्हतं. पुराचं पाणी कुठवर येतं, हे म्हाताऱ्या माणसांना पाठ होतं आणि घरं त्याच्या वरच्या अंगाला होती. खाली काळं रान, त्याच्यापलीकडे गुरं चरायला गायरान. हे कुणी शाळेत शिकून ठरवलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या राहून ते कळलेलं होतं.

नवं गाव मिळालं माळावर. सरळ आखलेले रस्ते, मोजून दिलेले प्लॉट आणि पायाखाली मुरूम. "कागदावर गाव लई झ्याक दिसत हुतं," आज्जी म्हणाली. "पर पान्याला अर्धा कोस जावं लागायचं. पयल्या उन्हाळ्यात तर सावलीला झाड न्हवतं. तुझा बा तवा शाळेत हुता. रडायचा, जुन्या घरी चल म्हनायचा. कुटं न्यायचं त्याला?"

बाबा रडायचे? माझ्या बाबांना मी कधीच रडताना पाहिलं नव्हतं. मला काही सुचेना. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? कडूलिंब लावलं. समद्यांनी मिळून हीर खांदली. पाक खडक लागला, तरी खांदली. धा वरसांनी सावली पडाया लागली."

ती कडूलिंबं मी पाहिली होती. त्यांच्याखाली आम्ही दर दिवाळीत गोट्या खेळायचो. मला वाटायचं, ती तिथं कायमचीच आहेत.

संध्याकाळी मी पुन्हा खेळ सुरू केला. यावेळी दोनच फेऱ्या पाहिलं. जागा बेताचीच होती. सगळं मैदान आणि नदी दोन घरं दूर. तरी कळ दाबली. मी भारताकडून खेळत होतो, म्हणून खेळानं यादीतलं पहिलं नाव सुचवलं, दिल्ली. ते मी खोडलं आणि आज्जीच्या जुन्या गावाचं नाव टाकलं. ते नाव इथं सांगत नाही, कारण तुम्ही नकाशावर शोधायला जाल आणि तिथं नुसतं पाणी सापडेल.

ठरवलं होतं, काही झालं तरी हा डाव मोडायचा नाही. शहर जरा वाढल्यावर दुसरी टोळी तयार केली आणि तिला पाटाच्या कामाला लावलं. या खेळात पाणी एकदम कुठंही नेता येत नाही. पाण्याला लागून असलेला चौकोन आधी भिजवायचा, मग त्याच्या शेजारचा. असं एकेक घर करत नदीचं पाणी शहरापर्यंत आणलं. एक माप देणारं मैदान दोन मापं द्यायला लागलं. मग रस्ते केले. शहर वाढत वाढत आठ वस्तींचं झालं. तो डाव मी काही जिंकलो नाही. पण दादा म्हणाला, "असल्या जागेत आठ? शाबास रे!"

आज्जी आता नाही. एखाद्या कडक उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप ओसरलं की पळसदेवचं जुनं दगडी देऊळ पाण्याबाहेर येतं आणि माणसं ते बघायला जातात. तशी बातमी वाचली की मला आज्जीचा तो थांबलेला हात आठवतो.

तेव्हा दोस्तांनो, सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. आधी पाणी बघा. मग बघा, तिथं आधीपासून कुणी राहतंय का. सगळं मनासारखं मिळेपर्यंत मात्र फिरत बसू नका. आणि एकदा वसलात की पाट खणायला लागा. शाळा बदलली, घर बदललं, नवी तुकडी मिळाली, तरी हेच करून बघा. पहिल्या उन्हाळ्यात सावली नसतेच.

आणि हो, या सुटीत तुमच्या आजी-आजोबांना एक प्रश्न जरूर विचारा. आपलं गाव नेमकं याच जागी का वसलं?