एकशे ऐंशीची छत्री

बदली कुठंही होऊ दे, पहिला आऊटपास मिळाला की फौजी बाजाराकडं पळतो. जम्मूला भदरवाहचा राजमा आणि अक्रोड, श्रीनगरला रविवारच्या बाजारातले जुने कोट, सिलिगुडीला हाँगकाँग मार्केट. घ्यायचं काही नसलं तरी भाव करून यायचं, हा आमचा खेळच.

या खेळातले आमचे कप्तान म्हणजे साताऱ्याकडचे एक हवालदार. सगळी कंपनी त्यांना उस्ताद म्हणते. टूथपेस्ट दाबून संपली की ते ब्लेडनं ट्यूब उभी कापतात आणि आणखी आठवडा काढतात. झिजलेला साबण नव्या वडीला चिकटवतात. कॅन्टीनमध्ये माल स्वस्तच असतो, पण तिथं भाव करता येत नाही म्हणून त्यांना करमत नाही.

सिलिगुडीत असताना एकदा छत्री घ्यायला मी त्यांच्यासोबत गेलो. दुकानदार बंगालीत, उस्ताद अस्सल सातारी मराठीत. "आरं बाबा, छत्री इकतुयास का तंबू?" त्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला. चारशेची छत्री एकशे ऐंशीला आली. येताना टोटोवाल्यानं वीस रुपये सांगितले, म्हणून युनिटपर्यंत पायी निघालो. वाटेत पाऊस लागला. नवी छत्री भिजेल म्हणून उस्तादांनी ती उघडली नाही!

सुट्टीची तयारी तर बघण्यासारखी. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं. आमच्या काळ्या ट्रंका रेल्वेत कुणी तोलल्याचं मी तरी पाहिलं नाही, पण उस्ताद लंगरच्या काट्यावर ट्रंक ठेवून राजमा कमी-जास्त करतात. जम्मूला असताना एका मे महिन्यात काटा चाळिसाच्या पुढं गेला. राजमा काढवेना, म्हणून घरच्यांसाठी घेतलेली दोन जाकिटं अंगात चढवून ते झेलमला बसले. लुधियाना येईपर्यंत घामानंच किलोभर वजन उतरलं असेल.

पोरं हसतात. एका रात्री ड्यूटीवर एकानं विचारलंच, "उस्ताद, एवढं वाचवून करायचं काय?"

उस्ताद म्हणाले, "पोरा, बाहेरचा नोकरदार अठ्ठावन्न-साठीला रिटायर हुतो. तवर त्याची पोरं कमवाय लागलेली असत्यात. आपण चाळिशीच्या आगंमागं घरी. पगार जाऊन निम्मी पेन्शन, आन् पोरगी नेमकी तवाच कॉलेजात."

पोरगा गप्प झाला. पुढच्याच महिन्यात तो क्लार्ककडं फंडाची वर्गणी वाढवायला उभा होता.

यंदा उस्तादांच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. छत्री, टोटो, टूथपेस्ट करत फंडात साठवलेले पैसे त्यांनी काढले आणि वर्षाची फी एकरकमी भरली. भरण्याआधी कॉलेजच्या क्लार्कला फोन लावून फक्त एवढंच विचारलं, "साहेब, सगळी एकदम भरतोय. काय कमी-जास्त करताय का?"