मायक्रोफायबरच आहे, काका

त्या पोरावर मला धड चिडताही येत नाही, कारण तो खोटं बोलला नव्हता.

गाडी गडद निळी. दिवाळीत घेतली, महडला वरदविनायकासमोर नारळ फोडला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, सगळं रीतसर. नोकरी खोपोलीत, घर कर्जतला. रोज पळसदरीवरून जाणं-येणं आणि पुढे कायम एखादा खडीचा डंपर. आठवडाभरात निळी गाडी राखाडी होते. म्हणून एका रविवारी चौकच्या रस्त्यावर एका वॉशिंग सेंटरला नेली.

पोराने काम मनापासून केलं, हे आधी सांगतो. पाण्याचा फवारा मारला, फेस केला, पुन्हा धुतली. मग खांद्यावरचा पिवळा टॉवेल काढला. आधी चाकांच्या रिमा पुसल्या. रिमेवर ब्रेक घासून पडलेला लोखंडाचा बारीक चुरा असतो, काळाकुट्ट. टॉवेल बादलीत बुचकळला, पिळला. दरवाज्याच्या खालच्या पट्ट्या पुसल्या, तिथे डंपरची धूळ. पुन्हा तीच बादली. मग तोच टॉवेल घेऊन बोनेटवर गोल गोल. दहा फुटांवर मी हातात चहा घेऊन उभा होतो. सगळं बघत होतो. आणि तोंडातून एवढंच निघालं, “अरे, फडकं कसलं आहे?”

“मायक्रोफायबरच आहे, काका!”

मी समाधानाने चहाचा पुढचा घोट घेतला. हे मला आजही सहन होत नाही. त्याचं नव्हे, माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पळसदरीजवळ तिरकं ऊन बोनेटवर पडलं आणि कोळ्याचं जाळं दिसलं. बोटाला न लागणाऱ्या, पण डोळ्यांना सोडत नाहीत अशा बारीक गोल रेघा. सेंटरच्या मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, गाडी वापरली की रेघा पडणारच, जपायची तर घरात ठेवा. कंपनीचं नवं फडकं असतं आमचं. फडकं नवं होतं, कबूल. बादली कुठली होती, ते तो बोलला नाही. पनवेलच्या डिटेलिंगवाल्याने समजावलं, की रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस 70च्या आसपास. पॉलिश करून रेघा काढायच्या म्हणजे त्या थरातलाच थोडा भाग घासून टाकायचा. किती वेळा घासणार? पॉलिशचे पैसे मीच दिले. सेंटरवाल्याकडून एक रुपयाही मिळाला नाही आणि तो मिळायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

मग मी टॉवेलांच्या मागे लागलो. आईने जुन्या लुगड्याचा तुकडा पुढे केला, इतका मऊ की नको म्हणवेना. पण सुती कापड धुळीचा कण पुढे ढकलत नेतं, कण लपायला त्यात खोली नसते. मायक्रोफायबरमध्ये पॉलिस्टर आणि नायलॉनचा धागा चिरून त्याचे रेशमाहून बारीक तंतू केलेले असतात. हे अतिसूक्ष्म तंतू जपानच्या तोरे कंपनीत 1970 साली मियोशी ओकामोतो यांनी केले, ते साबराच्या मऊ कातड्यासारख्या कापडासाठी. हे तंतू कण उचलून पोटात घेतात. त्या पिवळ्या टॉवेलनेही घेतले होते. रिमेवरचे घेतले आणि बोनेटपर्यंत सांभाळून आणले.

ऑनलाइन ‘800 जीएसएम’ लिहिलेले सहा टॉवेल मागवले. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. टॉवेल 40 बाय 40 सेंटिमीटरचा, म्हणजे वजन 128 ग्रॅम भरायला हवं. वाण्याच्या काट्यावर ठेवला. 52 ग्रॅम! म्हणजे 325 जीएसएम. वाणी म्हणाला, आमच्याकडे असं मापात मारलं तर गिऱ्हाईक उभं करत नाही. मी तक्रार केली, उत्तरात कूपन आलं. गंमत म्हणजे मेण पुसायला तो पातळ टॉवेलच चांगला निघाला. गाडी सुकवायला मात्र जाड हवा.

मऊपणा तपासायला जुन्या सीडीची चकचकीत बाजू घासून बघतात. घरात एकच सापडली, आमच्या लग्नाची. प्लेअर केव्हाच भंगारात गेलाय, म्हणून घासली. टॉवेलच्या मधल्या भागाने काही झालं नाही. कडेच्या शिवणीने आणि नायलॉनच्या लेबलने मात्र स्वच्छ ओरखडा काढला. लेबल कापून टाका, शक्यतो बिनशिवणीच्या कडांचा टॉवेल घ्या. सुती कपड्यांत धुऊ नका, त्यांचे धागे त्यात अडकतात. कपडे मऊ करायचं द्रावण त्यात घालू नका, टॉवेल पाणी पिईनासा होतो. आणि मातीत पडला तर तो टॉवेल रिमेसाठी ठेवा. बायकोने विचारलं, सीडीवर नेमकं कुठे घासलंस? अक्षता की जेवणावळ? दोन दिवस ती बोलली नाही.

जूनमध्ये चिखलाने गाडीचं बूड भरलं, ते घरच्या नळाने निघेना. पुन्हा त्याच सेंटरला गेलो. दुसरीकडे जायला काय झालं होतं, मला विचारू नका. माझे चार टॉवेल पिशवीत होते, हिरवे रंगासाठी, करडे रिमेसाठी. पोराला दहा मिनिटं समजावलं. त्याने मान डोलावली आणि खरोखर तसंच केलं, वरून खाली, टॉवेलची घडी बदलत. मला वाटलं, उगाच एवढे दिवस मनात ठेवलं.

बोनेट झालं. पाऊस थांबून उकाडा मरणाचा. त्याने हिरवा टॉवेल उलगडला, आधी कपाळ पुसलं, मग मान, मग कानामागे सावकाश.

“लय मऊ आहे, काका,” तो म्हणाला आणि छताकडे वळला.

मी पिशवीतून दुसरा हिरवा काढून त्याच्या हातात दिला. पहिला परत मागायला काही तोंड उघडलं नाही.