हल्याळच्या रानातली कवंडी

मुलांनो, तुमच्या घरी गोधडी आहे का? पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात. आमच्या चंदगड भागात ती वाकळ होते. धारवाडकडची कन्नड माणसं तिला कौदी म्हणतात. नाव कुठलंही असो. जुनी लुगडी, धोतरं, विटलेले सदरे यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोऱ्याने शिवायचे, की झाली गोधडी! आज मी तुम्हाला तिच्याच एका बहिणीकडे नेणार आहे. तिचं नाव कवंडी. ती राहते कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या रानात.

माझी मावसबहीण हल्याळला दिली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. बेळगावहून निघालेली एस.टी. खानापूर मागे टाकते आणि हळूहळू शेतं सरून झाडी सुरू होते. साग, ऐन आणि बांबूची बेटं. हल्याळ हे कानडी राज्यातलं गाव खरं, पण बाजारात मराठी, कोंकणी, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात. दुसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "ताई, चल, तुला सिद्दींच्या वाडीवर नेते."

सिद्दी म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं? इतिहासाच्या पुस्तकातला जंजिऱ्याचा सिद्दी! मलाही तोच आठवला. आपल्या मराठी मुलखाशी या लोकांचं नातं जुनं आहे. 1610 साली खडकी हे शहर वसवणारा मलिक अंबरही मूळचा आफ्रिकेतलाच. पण हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दींची कथा वेगळी आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांतले कितीतरी जण संधी साधून पळाले, घाट चढले आणि या दाट रानात लपून राहिले. त्यांचीच ही मुलंनातवंडं. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. शेतात आणि रानात राबून ते पोट भरत आले. 2003 साली कर्नाटकातल्या या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. एका घराच्या पडवीत पाचसहा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्ये एक जुनी साडी अंथरलेली, आणि भोवती रंगीत कापडांचे ढीगच ढीग! पावसाळ्यापूर्वी कवंड्या पुऱ्या व्हायला हव्यात ना! एकदा शेतीची कामं सुरू झाली की सुई धरायला वेळ कुणाला?

"बस गो बाय," एक आजी कोंकणीत म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

आता कवंडी कशी करतात ते नीट ऐका हं. आमच्याकडे वाकळ करताना आधी सगळे थर अंथरून घेतात आणि मग शिवायला बसतात. इथे तसं नाही. खाली साडीचं अस्तर. त्याच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. एक तुकडा ठेवायचा, कडा आत मुडपायची, धावदोरा घालायचा. त्याला लागून दुसरा तुकडा, मग तिसरा. असं कडेकडेने चारही बाजूंनी फिरत यायचं. एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं फिरत फिरत शेवटी मधोमध यायचं. ना कागदावर नक्षी काढलेली, ना पट्टीने मापं घेतलेली!

"मधूनच सुरुवात का नाही करत?" मी विचारलं.

आजी हसल्या. "कडा आधी धरली की मधलं पळत नाही," त्या म्हणाल्या. मला आमचा पहिलीचा वर्ग आठवला!

शेवटी चारही कोपऱ्यांना 'फुलं' बसवतात. कापडाचे तुकडे त्रिकोणी दुमडायचे, एकावर एक ठेवायचे आणि टोकाला शिवायचे. फुलाशिवाय कवंडी उघडी दिसते, असं तिथे मानतात. ख्रिस्ती घरातल्या कवंडीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंडीवर कधी चंद्रकोर. पाळण्यातल्या बाळाची कवंडी लहानशी. तिच्यावर छोट्या छोट्या भडक तुकड्यांची नुसती गर्दी.

पण मला सर्वांत आवडली ती त्यांची बसण्याची रीत. कवंडी एकीची, पण हात सगळ्यांचे. कुणाकडे लाल कापड कमी पडलं, तर शेजारीण आपल्या ढिगातून काढून देई. एकीचे टाके बारीक आणि सरळ, दुसरीचे लांब आणि थोडे तिरपे. कुणी कुणाला "तुझं चुकलं" म्हणत नव्हतं. नवी सून शिकायची, तर जाणत्या बाईच्या शेजारी बसून तिच्याच कवंडीवर चार ओळी घालायची. लहान मुलींकडे काम एकच, आजीबाईंच्या सुईत दोरा ओवून द्यायचा. कला लपवून ठेवायची नाही, वाटून घ्यायची. 2004 साली तर काही गावांतल्या सिद्दी बायकांनी कवंड्या विकण्यासाठी आपली सहकारी संस्था सुरू केली. हेन्री ड्र्यूअल नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकांनी त्यांना त्यात मदत केली. आणि 2011 साली या कवंड्यांचं प्रदर्शन कुठे भरलं माहीत आहे? थेट न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग सेंटरमध्ये! रानातल्या पडवीत शिवलेली पांघरुणं अमेरिकेत भिंतीवर लागली.

आता एक खरी गोष्ट सांगते. सांगायला जरा जड जातंय.

ती कवंडी चालली होती त्या घरातल्या मुलीसाठी. ती जूनमध्ये शहरातल्या वसतिगृहात राहायला जाणार होती, आठवीत. वाडीतल्या प्रत्येक घराने तिच्यासाठी एकेक तुकडा दिला होता. मुलगी मात्र खांबाला टेकून गप्प उभी होती. आई म्हणाली, "तिला दुकानातलं ब्लँकेट पाहिजे. कवंडी नेली तर मुली हसतील म्हणते."

मला एकदम माझेच दिवस आठवले. डी.एड.ला असताना मीही वसतिगृहात राहत होते. आईने शिवलेली वाकळ सोबत दिली होती. पहिल्याच रात्री खोलीतली एक मुलगी म्हणाली, "ही काय चिंध्यांची रजई?" सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चादर आणली आणि वाकळ ट्रंकेत घातली. दोन वर्षांनी खोली सोडताना ती तिथेच कपाटाखाली टाकून आले. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, "हरवली."

हे मी त्या मुलीला सांगितलं. सगळ्या बायका शिवता शिवता थांबल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग चादरीत थंडी नाही वाजली?"

"वाजली ना! डिसेंबरात कुडकुडत होते," मी खरं ते सांगून टाकलं.

त्यावर ती पहिल्यांदा हसली. याचं कारण तुम्हाला विज्ञानाच्या तासात सापडेल. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकते. अशी अडकलेली हवा अंगातली ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. धावदोरा थर घसरू देत नाही, म्हणून ऊब सगळीकडे सारखी राहते. एका चादरीला हे कुठून जमणार?

थोड्या वेळाने ती आत गेली आणि एक लाल फ्रॉक घेऊन आली, तिच्याच लहानपणचा. आजींपुढे ठेवून म्हणाली, "याचं फूल करा." ती कवंडी घेऊन वसतिगृहात गेली की नाही, ते मला कळलं नाही. आम्हाला संध्याकाळची गाडी गाठायची होती. पण निघण्यापूर्वी आजींनी मला सुई दिली आणि दोन ओळी घालायला लावल्या. माझे टाके वाकडेतिकडे आले. कुणी उसवले नाहीत.

घरी आल्यावर मी आईला सगळं खरं सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यात तुझ्या आजीचं लुगडं होतं." एवढंच. मला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. चार दिवसांनी तिने स्वतःच माळ्यावरचं जुन्या साड्यांचं गाठोडं काढायला सांगितलं. आता तिला नीट दिसत नाही. मी सुईत दोरा ओवते, ती टाके घालते. ती दमली की मी घालते. आमची वाकळ अजून अर्धीच झाली आहे.

मुलांनो, या सुट्टीत तुम्हीही करून बघा. घरातला सर्वांत जुना, मऊ झालेला कपडा कुणाचा ते विचारा. वीत-वीतभर लांबीरुंदीचे तीन तुकडे एकावर एक ठेवा आणि आजीला किंवा आईला शेजारी बसवून कडेकडेने धावदोरा घाला. मुलग्यांनीही बरं का! सुई कुणाचं नाव विचारत नाही. टाके वाकडे आले तर येऊ देत. आणि तो कपडा कुणी, कधी, कुठे घातला होता, ते मात्र शिवता शिवता विचारून घ्या. माझं ते विचारायचं राहून गेलं होतं.