ओल धरणारा दगड

गेल्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियाला जाण्याचा योग आला, तो पुतण्यामुळे. लिओबेनच्या खाणविद्येच्या विद्यापीठात तो संशोधन करतो. निघताना वहिनींनी मेतकुटाचा डबा हाती दिला आणि बजावले, "भावजी, तो कायमचा परत केव्हा येणार, तेवढं विचारून या." डबा मी पहिल्याच दिवशी दिला. प्रश्न मात्र पोटातच राहिला.

एके दिवशी तो मला आगगाडीने फोक्लाब्रुकला घेऊन गेला. तिथून गाम्पर्नच्या हद्दीतले रूबेन्सडॉर्फ जवळच. हिरवी शेते, उतरत्या छपरांची घरे आणि एका कुंपणाआड काही नळ व यंत्रे! एवढ्यासाठी का एवढा प्रवास?

"काका, पाहायचं ते खाली आहे," तो म्हणाला.

त्या गवताखाली सुमारे एक हजार मीटरवर वालुकाश्म आहे. त्यातला नैसर्गिक वायू पूर्वीच काढून झाला. २०२३ पासून तिथे हायड्रोजन साठवतात. उन्हाळ्यातल्या जादा सौरविजेने पाण्याचे पृथक्करण करायचे आणि मिळालेला हायड्रोजन हिवाळ्यासाठी ठेवून द्यायचा. आपल्याकडे पेवात जोंधळे ठेवीत, तसेच म्हणा ना! इंग्लंडात टीसाइडला १९७२ पासून मिठाच्या थरांतल्या पोकळ्यांत तो साठवीत आले आहेत. पण ती पोकळी म्हणजे रांजण. इथे सगळा कारभार दगडाच्या बारीक छिद्रांत.

त्याने खिशातून वालुकाश्माचा तुकडा काढला आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडला. थेंब पसरला आणि पाहता पाहता जिरला. अळूच्या पानावर तोच मोत्यासारखा उभा राहिला असता. थेंबाची कड दगडाशी ९० अंशांहून लहान कोन करील, तर दगड ओल धरणारा. अशा दगडात पाणी भिंतींना आणि कोनाकोपऱ्यांना बिलगून राहते. हायड्रोजन रुंद छिद्रांच्या मधून वावरतो. वर चिकणमातीच्या खडकाचे झाकण असते. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म, की त्यांतले पाणी वायूला वर सरकू देत नाही. हवेहून चौदापट हलका वायू, आणि त्याला अडवते काय, तर ओल! तेलकट द्रव्याचा लेप बसला, की ही पकड सैल होते. 'दगडाला पाझर फुटणे' हा वाक्प्रचार मी वीस वर्षे शिकवीत आलो. ओल्या दगडाची ही राखणदारी मला ठाऊक नव्हती.

"पण या ओलीचा एक त्रासही आहे," तो म्हणाला. "वायू काढायला लागलं, की पाणी मागे फिरतं. अरुंद जागी वायूचा धागा तोडतं. सुटे बुडबुडे आतच अडकतात. भरलेलं सगळं वर येत नाही."

"आणि तू?" मी विचारून टाकले.

तो रुमालाने तुकडा पुसत राहिला. पुसण्यासारखे त्यावर काही उरले नव्हते.

"दोन वर्षं तरी नाही, काका. पुढचं आत्ता सांगत नाही. उगीच आईला आशा नको."

परतीच्या गाडीत त्याने तो तुकडा आईसाठी म्हणून माझ्याकडे दिला. वहिनींनी तो तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि विचारले, "दोन वर्षं म्हणजे, ही दिवाळी धरून की सोडून?"

ते विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले होते.