चार आकडे

दसऱ्याच्या दिवशी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा तिला पाहण्यासाठी लोक टाचा उंचावून उभे राहतात. राजारामपुरीतील एका घराच्या अंगणातही एक जुनी मोटार उभी असते; पण तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ही प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली आणि १९८६ च्या डिसेंबरात या घरी आली. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या भगिनी टॅक्सी म्हणून धावत. त्यांतील अखेरचीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या पद्मिनीने निवृत्ती घेतलेली नाही. तिच्या मालकाने मात्र घेतली आहे.

मालक म्हणजे घरातील आजोबा. शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे लेथ चालविला. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की त्याचे माप ते नुसत्या बोटांनी सांगत. मोटारीच्या बाबतीतही त्यांचा हात असाच चाले. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात मोटार दाखवून ती नव्याने करून घ्यावी लागते. २०२१ च्या डिसेंबरात ही वेळ पुन्हा आली होती. दिवाळी आटोपताच आजोबांनी मोटारीची तपासणी आरंभिली आणि मागच्या चाकापाशी येऊन ते थबकले.

“टायर बदलावे लागतील,” ते म्हणाले.

सहावीत शिकणारी नात जवळच उभी होती. तिने वाकून पाहिले. “पण आजोबा, यांची नक्षी तर अजून शाबूत आहे!”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पद्मिनी वर्षातून चार-दोनदा जोतिबाला किंवा पन्हाळ्याला जाई, तेवढाच तिचा प्रवास; त्यामुळे टायर झिजले नव्हते. आजोबांनी नातीचे बोट धरून टायरच्या कडेवर टेकविले. तेथे उन्हाळ्यातील तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा होत्या.

आजोबांचे बालपण कागलजवळच्या खेड्यात गेले होते. तेथे लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवीत असे. लोखंडाची ती कडी विस्तवात लाल होईपर्यंत तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. म्हणजे ती आकसून लाकडाला घट्ट मिठी मारी. ती धाव झिजली तरच बदलावी लागे. रबराचे तसे नाही. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला ते गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे १८८८ साली जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर केला आणि जगाचे हादरे कमी झाले. पण गंधक मिसळले तरी रबर अमर होत नाही. हवेतील प्राणवायू, ऊन आणि उष्णता त्याला हळूहळू ठिसूळ करतात. मोटार धावो की एका जागी उभी राहो, रबराचे वय वाढतच असते. आणि एवढी जड मोटार जमिनीला टेकते ती कितीशी? चार ठिकाणी, दर ठिकाणी जेमतेम तळहाताएवढी!

पद्मिनीच्या टायरचे माप ५.२०-१४. टायरची रुंदी सुमारे सव्वापाच इंच, आणि ज्या लोखंडी चक्रावर तो बसतो त्याचा व्यास चौदा इंच. गावातल्या दुकानदारांनी हे माप ऐकताच माना हलविल्या. असे टायर आता कोणी ठेवीत नाही. तेव्हा नातीने संगणक उघडला. ऑनलाइन बाजारात तासाभरात तिला तीन विक्रेते सापडले. त्यांतील एकाची किंमत इतरांहून बरीच कमी होती.

“त्याला तारीख विचार,” आजोबा म्हणाले. टायरच्या एका कडेला चार आकडे उमटविलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरचा जन्मदाखलाच तो.

नातीने विचारले. उत्तर तत्काळ आले: ‘माल अगदी न वापरलेला आहे.’ तिला ते पुरेसे वाटले. त्या वर्षी साथीमुळे वडिलांचे कापडाचे दुकान कित्येक महिने बंद राहिले होते. घरात पैशाची ओढ होती, आणि आपण पैसे वाचविले याचा तिला आनंद झाला होता. आजोबा दुपारी झोपले असता तिने वडिलांकडून पैसे भरविले आणि दोन टायर मागविले.

आठवड्याने टायर आले. काळेभोर, तुकतुकीत, नव्या रबराचा वास येणारे. आजोबांनी चष्मा पुसला, टायर फिरविला आणि एका जागी बोट ठेवले. आकडे होते १४११.

दहा वर्षांहून अधिक काळ ते टायर कोठल्या तरी गोदामात पडून होते. विक्रेता खोटे बोलला नव्हता; माल खरोखरच न वापरलेला होता. पण नवा मात्र नव्हता. परत घेण्याबद्दल विचारले, तर त्याने उघडलेला माल घेत नसल्याचे कळविले. आजोबा नातीला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी रागे भरले असते, तर तिला थोडे हलके तरी वाटले असते!

मग एके दिवशी इचलकरंजीहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही पद्मिनी होती आणि टायर शोधून शोधून ते थकले होते. तुकतुकीत टायर पाहताच त्यांचा चेहरा उजळला. दिली होती तेवढी किंमत द्यायला ते तयार झाले. वडील आत येऊन हळू आवाजात म्हणाले, “आजोबा घरी नाहीत तेवढ्यात देऊन टाकू. आपण कोठे खोटे सांगतो आहोत? न वापरलेलेच आहेत ना?”

नात दारात उभी होती. हे वाक्य तिने पूर्वी एकदा वाचले होते. ती अंगणात गेली. भिंतीला टेकलेल्या टायरची आकड्यांची बाजू आत होती. टायर जड होता, तरी तिने दोन्ही हातांनी तो फिरविला आणि आकड्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, “काका, हे २०११ सालचे आहेत.”

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी पैशांचे पाकीट खिशात ठेवले आणि चहा घेऊन ते निघून गेले. जाताना आपल्या मोटारीच्या चाकांपाशी ते वाकून काही शोधीत होते. वडील त्या रात्री नातीशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्वतःच संगणक उघडला आणि दुसऱ्या एका विक्रेत्याला लिहिले, ‘आकड्यांचे छायाचित्र पाठवा, मगच पैसे भरतो.’

छायाचित्र आले, आकडे त्याच वर्षाचे होते. चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत, एकाच मोटारीला दोन जाती मिसळू नयेत, हेही आजोबांनी बजावले होते. आतील धाग्यांची वीण निराळी असेल, तर मोटार वळणावर दगा देते. खर्च बेताबाहेर गेला. परिवहन कार्यालयात पद्मिनी उत्तीर्ण झाली आणि त्याच रविवारी सारे घर पन्हाळ्याला गेले. वाघबिळाच्या पुढे घाटाच्या वळणावर वडिलांनी वेग कमी केला. मागे बसलेली आजी निर्धास्त डुलक्या घेत होती.

ते दोन टायर अजून परसात आहेत. एकात आजीने अळू लावले आहे. पावसाने माती धुऊन निघाली की पानांखाली १४११ हे आकडे स्पष्ट दिसतात.