टॅपेट वाजतोय? मग बरंच आहे!

सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या बाइकची टकटक ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी तुम्ही आहात का? 'काय खटारा आहे' वगैरे? आणि आपली गाडी मात्र कशी लोण्यासारखी, हूं की चूं नाही, असा मनातल्या मनात अभिमान? मग हा लेख तुमच्यासाठीच. कारण गेल्या वर्षभरात मला एक गोष्ट पक्की कळलीय. टकटक करणाऱ्या गाडीची फारशी काळजी करायची नसते. काळजी करायची ती अचानक गप्प झालेल्या गाडीची.

आधी ओळख करून देते. मी हिंजवडीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायचा पगार घेते. निगडी ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं २००६ सालच्या स्प्लेंडरवर. हो, स्कूटर नाही, स्प्लेंडरच. टाकीवर अजून 'हीरो होंडा' लिहिलेलं आहे. त्या दोघांनी २०१०च्या डिसेंबरमध्ये वेगळं व्हायचं जाहीर केलं, आमची टाकी मात्र अजून एकत्र कुटुंबात आहे. गाडी बाबांची. २०२१ मध्ये तिला १५ वर्षं झाली, तेव्हा आरटीओत खेटे घालून तिचं आरसी रिन्यू केलं, इतका आमचा तिच्यावर जीव.

तर टॅपेट. ऑफिसच्या पार्किंगमध्ये हा शब्द फार ऐकू येतो, पण 'म्हणजे नक्की काय रे?' विचारलं की सगळ्यांना मीटिंग आठवते. गोष्ट सोपी आहे. इंजिनच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल आणि हवा आत घेतो, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. कॅमशाफ्ट फिरते, ती रॉकर नावाचा एक छोटासा सी-सॉ हलवते, आणि रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर टिचकी मारून तो उघडतो. स्प्रिंग त्याला पुन्हा बंद करते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि त्याच्या टोकामध्ये किंचित मोकळी जागा ठेवलेली असते. तीच टॅपेटची गॅप. आमच्या गाडीला ती ०.०८ मिलिमीटर लागते. ऑफिसच्या प्रिंटरमधला ए-फोर कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कागदाहूनही बारीक फट!

(आरएक्स १००वाल्यांनी खुशाल पान उलटावं. टू-स्ट्रोकमध्ये हे असले व्हॉल्व्हच नसतात.)

एवढीशी फट हवीच कशाला? कारण लोखंड तापलं की वाढतं. गरम झालेल्या व्हॉल्व्हची दांडी लांब होते. तिला वाढायला जागाच नसेल, तर रॉकर तिला दाबून धरतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः मिटलेला असताना, आपल्या सीटला टेकून बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर तापतच राहतो, फटीतून आगीचा झोत जातो आणि एक दिवस त्याची कड जळते. धुराचा व्हॉल्व्ह आधी जातो, कारण सगळ्यात जास्त उष्णता त्याच्याच वाट्याला येते.

आता गंमत बघा. गॅप जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. टक टक टक. गाडी थोडी मंद होते, टोकं झिजतात, पण ती बोंबलून सांगते तरी. गॅप कमी झाली तर आवाज उलट जातो! छान, गुळगुळीत, शोरूममधून आणल्यासारखा. आणि किलोमीटर पडत गेले की बऱ्याच गाड्यांत होतं नेमकं हेच. व्हॉल्व्ह आणि सीट झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, फट खाऊन टाकतो. कुणाचा दोष नाही, वय झालं की होतं.

त्यात आपण भर घालतो. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये जाऊन काय म्हणतं? 'दादा, आवाज येतोय, घालवा.' आमच्या गॅरेजवाल्यानेही तेच केलं. "ताई, टॅपेट वाजत होता, टाइट करून दिला. ऐका आता, एकदम मख्खन!" खरंच मख्खन. पण दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी सात-आठ किका. सिग्नलला बंद पडायची. चढावर दम लागायचा. आवाज मात्र, वा!

आणि इथे बाबांची एन्ट्री. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं फिटर होते, शेजारीच प्रेस शॉप. मी शाळेत असताना ते तिसऱ्या मजल्यावरून खालच्या गाड्यांचे आवाज ऐकून सांगायचे, "कुलकर्ण्यांच्या गाडीचा टॅपेट वाजतोय." आमच्यासाठी तो चमत्कार होता. पण प्रेसच्या दणक्यांनी त्याच कानांचा घास घेतला. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकल्या, मग फोन. चार वर्षांपूर्वी मागून आलेल्या बसचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. काही झालं नाही, पण घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "तूच चालव आता." बस, एवढंच. गाडी मला मिळाली ती अशी.

त्यानंतर बाबा शांत झाले. कुणी काही विचारलं की "हो हो". पाहुणे म्हणायचे, रिटायर झाल्यावर किती समाधानी झालेत बघा!

किकांची कटकट मी त्यांना वहीवर लिहून दाखवली. वाचून म्हणाले, "आवाज कमी झालाय का?" मी मान डोलावली. "मग टॅपेट टाइट आहेत. रविवारी बघू. गाडी शनिवारी रात्रीपासून हलवायची नाही." इंजिन पूर्ण थंड हवं, नाहीतर माप चुकतं.

शनिवारी ऑफिस सुटलेलंच होतं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन फिलर गेज आणलं. चाकूसारखं मिटणारं, स्टीलच्या पातळ पात्यांचं पुस्तक, प्रत्येक पातीवर जाडी कोरलेली. ट्रेकिंगच्या सॉक्सपेक्षा स्वस्त निघालं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. प्लग काढला, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. स्प्लेंडरचं इंजिन जवळजवळ आडवं झोपलेलं असतं, त्यामुळे टाकी काढायची गरज नाही. वरची कॅप उघडली की आत घेणारा व्हॉल्व्ह, खालची उघडली की धुराचा. खालून तेलाचे चार थेंब पडतात, म्हणून खाली जुना डबा. डाव्या कव्हरवरची दोन झाकणं काढली, मोठ्यातून पाना घालून मॅग्नेटचा नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, छोट्यातून बघत राहायचं. 'टी' अक्षराची रेघ खुणेसमोर आली की थांब. पण ही रेघ दोनदा येते आणि त्यातली एकच वेळ आपली. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले तर बरोबर. नाहीतर अजून एक पूर्ण फेरा.

खालच्या व्हॉल्व्हमध्ये ०.०८ची पात गेलीच नाही. ०.०५ची नाही. ०.०३चीही नाही. फट जवळजवळ संपलेली! वरच्याची थोडी बरी होती. लॉकनट सैल केला, मधला स्क्रू किंचित मागे घेतला, पात घातली. गेली. मी म्हटलं, झालं. बाबांनी माझ्या हातातून पात घेतली, मागे-पुढे ओढली आणि मानेनेच 'नाही'.

"सैल आहे. पात अडकायला नको आणि पळायलाही नको. तुपातनं सुरी ओढल्यागत लागली पाहिजे."

मी ओढून बघितली. मला दोन्ही सारखंच! तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्यांनी माझी बोटं पातीवर ठेवली, स्वतःच्या हाताने स्क्रू केसभर फिरवला. आणि लागलं. एकदम बारीक, रेशमी अडवणूक. "जोर नको लावू. पात सांगते." मग लॉकनट आवळताना स्क्रूही बरोबर फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. मोजलं. ०.०८ जाते, ०.१० जात नाही. बाबांनी चार वर्षांत एका वेळेला एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि एकदाही "हो हो" नव्हतं.

सगळं बंद करून मी किक मारली. दुसऱ्या किकेला सुरू. बाबांनी हँडलवर हात ठेवून मला विचारलं, "वाजतोय का?"

"वाजतोय. हलका. टिक-टिक."

"मग बरोबर."

त्यांना तो आवाज येत नव्हता आणि मला ती पात कळत नव्हती. दोघं मिळून एक फिटर झाला.

त्या दिवशी जेवताना मी आईला म्हटलं, बाबांच्या गप्प असण्याला आपण समाधान म्हणतोय, पण आपण मोजलंय का कधी? दुसऱ्या आठवड्यात त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. रिपोर्टवर आलेख असतो. त्यांची रेघ सुरुवातीला ठीक चालते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास दरीत पडते. आवाजात काम केलेल्यांची ही खूणच, असं तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. बायकांचे आणि लहान मुलांचे बारीक आवाज, शब्दांतले स आणि श, सगळं त्या दरीत. म्हणजे माझे आणि आईचेच आवाज आधी गेले होते. बाबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "माप घेतलं हे बरं केलं."

कानाचं मशीन घेतलंय. ते दिवसभर लावत नाहीत, भांडणं चालू आहेत. टीव्हीला लावतात, माझ्याशी बोलताना लावतात, मामा आला की मुद्दाम काढून ठेवतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर दोन सूचना. प्रत्येक गाडीची गॅप वेगळी असते, आत घेणाऱ्या आणि धुराच्या व्हॉल्व्हचीही कधीकधी वेगळी, त्यामुळे माझा आकडा नको, तुमचं मॅन्युअल उघडा. किती किलोमीटरला तपासायचं तेही त्यात असतं. आणि ज्या गाड्यांत स्क्रूऐवजी शिम असतात, तिथे बऱ्याचदा कॅमशाफ्ट काढावी लागते. तो रविवारचा खेळ नाही, गॅरेजलाच द्या. फक्त 'आवाज घालवा' म्हणू नका. 'गॅप मोजून सांगा' म्हणा.

आमच्याकडे आता एक वही आहे. तारीख, किलोमीटर, वरची गॅप, खालची गॅप, बाबांच्या अक्षरात. पुढची तपासणी दिवाळीच्या आसपास येईल. फिलर गेज त्यांनी पुसून, तेलाचं बोट लावून, कपाटात मशीनच्या डबीशेजारीच ठेवलंय.